बाळंतिणीच्या उशाशी कोण?

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कारंजा (घाडगे) मागे पडल्यानंतर आणि वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात प्रवेश करण्यापूर्वी वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव लागते. याच जिल्ह्यात तळेगाव (टालाटुले) नावाचे दुसरे गाव असल्यामुळे सरकारी दप्तरात आणि लोकांच्या बोलण्यातही या तळेगावास श्यामजी पंतांच्या नावाची जोड दिलेली असते. येथून एक वाट आर्वीस जाते, दुसरी आष्टीस. भोवतालचा मुलूख कपाशीचा आणि संत्र्याच्या बागांचा. रहदारीच्या दृष्टीने पाहिले तर विदर्भातील फार थोडी गावे इतकी सोयीच्या जागी वसलेली असतील. म्हणूनच ग्रामीण भागात प्रसूतीची आणि एकंदर स्त्री-आरोग्याची सेवा का अडते याचा विचार तळेगावास उभे राहून केला, म्हणजे ‘रस्ता नाही’ हे आपले नेहमीचे उत्तर बाद होते, आणि जे उत्तर शिल्लक राहते ते असे की, बाळंतिणीच्या उशाशी नेमक्या घटकेला शिकलेले हात पुरेशा संख्येने एके ठिकाणी हजर नसतात.

प्रसूती ही बहुतांशी निसर्गक्रमाने पार पडणारी घटना आहे. बहुसंख्य बाळंतपणांना धीर देणारी, स्वच्छ हातांची आणि कामात मुरलेली एक बाई पुरते. परंतु कोणते बाळंतपण ऐन वेळी उलटेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, आणि या शास्त्राची सारी अडचण येथेच आहे. प्रसूतीनंतर अनावर रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाला नाही, तर दोन तासांच्या आत स्त्रीचा प्राण जाऊ शकतो; रक्तदाब चढून झटके येऊ लागले, किंवा मूल आडवे येऊन अडले, तर तेथेही घटका मोजूनच काम करावे लागते. अशा वेळी केवळ एक निष्णात डॉक्टर असून भागत नाही. पोट उघडून मूल काढणारा स्त्रीरोगतज्ज्ञ असला तरी भूल देणारा नसेल तर त्याला सुरी हाती घेता येत नाही. दोघे असले आणि रक्ताची पिशवी गट जुळवून देणारा तंत्रज्ञ नसेल तर शस्त्रक्रिया सुरू करणे धोक्याचे. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका आणि गुदमरलेल्या अर्भकाकडे पाहणारा बालरोगतज्ज्ञ हेही तितकेच आवश्यक. यांपैकी एक जरी रजेवर असला, तरी बाकीच्या सर्वांचे ज्ञान त्या रात्रीपुरते निष्फळ ठरते. नातेवाइकांस मग एकच वाक्य ऐकू येते: ‘पुढे घेऊन जा.’

पुढे म्हणजे कोठे? सरकारी मापदंडाप्रमाणे सपाटीच्या प्रदेशात 5,000 लोकवस्तीस एक उपकेंद्र, 30,000 लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1,20,000 लोकवस्तीस 30 खाटांचे ग्रामीण रुग्णालय असावयास हवे. त्यावर उपजिल्हा रुग्णालय, आणि सर्वांवर जिल्ह्याचे रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय. तळेगावकडील गरोदर बाईच्या बाबतीत ही पायऱ्यांची वाट आष्टी, आर्वी आणि अखेर वर्धा-सेवाग्राम अशी जाते. काही कुटुंबे मात्र जिल्ह्याची हद्द न मानता नदीपलीकडे अमरावतीचा रस्ता धरतात, तर काही थेट नागपूरचा. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत ही अभिमानाची गोष्ट खरी. तथापि ती दोन्ही वर्धा शहराच्या आसपास आहेत, आणि आष्टी तालुका जिल्ह्याच्या अगदी वायव्य टोकास. जिल्ह्याची सरासरी काढली म्हणजे तज्ज्ञांची संख्या समाधानकारक दिसू शकते. बाळंत होणारी स्त्री मात्र सरासरीत राहत नाही. ती एका विशिष्ट गावात राहते, आणि तिच्या कळा रात्री सुरू होतात.

तज्ज्ञांचा हा तुटवडा केवळ एका तालुक्याचा किंवा एका राज्याचा नव्हे. केंद्र सरकारच्या 2021-22 सालच्या ग्रामीण आरोग्यविषयक आकडेवारीप्रमाणे देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत जितके स्त्रीरोगतज्ज्ञ असावयास हवेत त्यांत सुमारे तीन-चतुर्थांशांची उणीव होती, आणि बालरोगतज्ज्ञांत ती सुमारे चार-पंचमांशांची होती. शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात ही उणीव भरून काढण्यासाठी अन्य ठिकाणांहून तज्ज्ञांस पंधरा-पंधरा दिवसांच्या प्रतिनियुक्तीवर पाठविण्याचा परिपाठ वर्षानुवर्षे चालू राहिला. काहीच नसण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. परंतु ज्या डॉक्टरला आपल्या भागातील जोखमीच्या गरोदर स्त्रियांची नावे माहीत होण्यापूर्वीच परतीची तारीख येते, त्याच्या हातून वैद्यक घडेल, सांभाळ घडणार नाही. आणि गर्भवतीला नऊ महिने जे हवे असते ते सांभाळणेच असते. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेस गर्भवतींची तपासणी करण्याचे जे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान चालते, तेही एका अर्थी या उणिवेचीच कबुली आहे: महिन्यातून निदान एक दिवस तरी तज्ज्ञाची दृष्टी प्रत्येकीवर पडावी, इतकीच त्यामागची माफक अपेक्षा.

भूलतज्ज्ञाची अडचण सरकारच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात एमबीबीएस झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना 18 आठवड्यांत जीवरक्षक भूल देण्याचे, आणि इतर काहींना 16 आठवड्यांत सिझेरियनसह तातडीच्या प्रसूतिसेवेचे शिक्षण देण्याची योजना निघाली. कल्पना उत्तम होती. तिचे यश मात्र अशा दोघांना एकाच रुग्णालयात एकत्र ठेवण्यावर अवलंबून होते, आणि आपल्या खात्यांतील बदलीचे हुकूम माणसांच्या जोड्या पाहून निघत नाहीत, ते रिकाम्या जागा पाहून निघतात. भूल शिकलेला एका तालुक्यात आणि शस्त्रक्रिया शिकलेला दुसऱ्या तालुक्यात रुजू झाला, म्हणजे दोघांच्याही शिक्षणावर झालेला खर्च आणि दोघांचाही उत्साह वाया जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की, प्रसूतिसेवेपुरती तरी नेमणूक माणसाची न करता सबंध पथकाची करावी, आणि बदली करावयाची तर तीही पथकाचीच करावी.

स्त्रियांच्या आजारासाठी शिकलेली माणसे अपुरी पडणे हा आपल्या देशातील प्रश्न जुना आहे. कल्याणला 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि ते मूल थोड्याच दिवसांत दगावले. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निर्धार करून त्या फिलाडेल्फियास गेल्या, 1886 साली पदवीधर झाल्या, आणि एक दिवसही व्यवसाय करावयास न मिळता 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात निवर्तल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच सुमारास, 1885 साली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-वैद्यांची मदत पोहोचविणारा निधी उभा राहिला. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयास लोक आजही ‘डफरीन’च म्हणतात, आणि तळेगाव भागातील कितीतरी माणसांचा जन्म त्या नावाच्या छताखाली झालेला असेल. पुढे कस्तुरबांच्या 1944 मधील निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ सेवाग्रामात स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी दवाखाना निघाला, आणि त्याच रुग्णालयाभोवती डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभारली. विद्यार्थ्यांनी पहिल्याच वर्षी खेड्यात मुक्काम करावा, एक गाव दत्तक घ्यावे, असा या संस्थेचा दंडक आहे. शिवाय संस्थेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट तिने दीर्घकाळ सांभाळली. शिक्षणक्रमाच्या आरंभीच खेड्याशी ओळख करून देण्याचा हा मार्ग, शिक्षण संपल्यावर बंधपत्राच्या जोरावर एक वर्ष खेड्यात धाडण्यापेक्षा, मला अधिक शहाणपणाचा वाटतो. कारण बंधपत्रावरचा तरुण डॉक्टर बहुधा पदव्युत्तर परीक्षेचे पुस्तक उघडे ठेवूनच ते वर्ष काढतो, आणि त्यात त्याचा एकट्याचा दोष नसतो.

परंतु डॉक्टरांविषयी एवढे बोलल्यानंतरही मूळ गोष्ट राहूनच जाते. सामान्य बाळंतपणाला डॉक्टर लागत नाही. लागते ती प्रसाविका, आणि आपल्याकडील सर्वांत मोठी हानी त्या पदाची झाली आहे. 1946 साली भोर समितीने ग्रामीण आरोग्याची जी भव्य आखणी केली, तिच्यानंतर 1950 च्या दशकात दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाची ‘सहायक परिचारिका प्रसाविका’ ही श्रेणी निर्माण झाली, आणि तिच्या शिक्षणात प्रसूतीच्या कामाला मोठे स्थान होते. पुढे कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम बळावत गेला; 1973 साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय कार्यकर्त्यांची शिफारस केली; 1977 च्या सुमारास शिक्षणक्रम 18 महिन्यांवर आला, आणि त्यात प्रसूतिविद्येचा वाटा आक्रसला. ज्या बाईने बाळंतपणे करावयाची, तिची परीक्षा आता तिने शस्त्रक्रियेसाठी किती ‘केसेस’ आणल्या यावर होऊ लागली. हे लक्ष्यांकांचे ओझे कागदोपत्री 1996 साली उतरले. तोवर एका संपूर्ण पिढीच्या हातांतून बाळंतपणाचा सराव निसटून गेला होता. लोक तिला ‘सिस्टर’ म्हणतात, ‘नर्सबाई’ म्हणतात, तिच्याकडे लसीकरणासाठी आणि गोळ्यांसाठी जातात. पण बाळंतपणासाठी तिच्यावर विश्वासून राहण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी मोडला.

तिच्यावर होणाऱ्या आरोपांपैकी सर्वांत नेहमीचा आरोप म्हणजे ती मुख्यालयी राहत नाही. हा आरोप करणाऱ्यांनी एकदा उपकेंद्राची इमारत रात्रीच्या वेळी जाऊन पाहावी. बहुधा गावाबाहेर, गावठाणाच्या अखेरच्या मोकळ्या जागेवर ती बांधलेली. दाराची कडी धड असेलच असे नाही, नळाला पाणी असेलच असे नाही. आणि तेथे एकट्या स्त्रीने, कदाचित तान्ह्या मुलासह, राहावे, मध्यरात्री कोणीही दार ठोठावले तर उघडावे, अशी आपली अपेक्षा. स्त्रियांच्या आरोग्याची सेवा मुख्यत्वे स्त्रियाच करतात. त्यांनाही लेकरे असतात, म्हाताऱ्या सासवा असतात, दुसऱ्याच गावी नोकरी करणारे नवरे असतात, या साध्या गोष्टीची दखल नेमणुकीच्या नियमांत फार उशिरा आणि फार थोडी घेतली गेली. शिवाय यांतील पुष्कळ जणी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या करारावर काम करणाऱ्या. काम तेच, जबाबदारी तीच, पण नोकरी कायम नाही. जिला पुढच्या वर्षाची शाश्वती नाही तिला आपण गावाशी मुळे रुजविण्यास सांगत असतो.

सुईणीचेही असेच झाले. नाळ कापण्याच्या अस्वच्छ पद्धतींमुळे आणि अडलेले मूल ओळखण्यास होणाऱ्या उशिरामुळे जी हानी होई ती नाकारण्याचे कारण नाही, आणि रुग्णालयातील प्रसूतीचा आग्रह योग्यच होता. परंतु सुईणीपाशी बाळंतिणीजवळ बसून राहण्याची, तिची पाठ चोळण्याची, तिला उठून फिरू देण्याची जी माणुसकी होती, ती प्रसूतिकक्षात नेण्याची व्यवस्था आपण केली नाही. एकाच परिचारिकेकडे अनेक खाटा असल्या म्हणजे हळुवारपणा ही पहिली गमावली जाणारी वस्तू असते. बाळंतिणीवर ओरडल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. त्यांचे एक कारण मात्र हजेरीपटावर सापडते.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी या विचाराची दिशाच बदलून दाखविली. दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनी जगाचे लक्ष वेधले: 92 टक्के स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी अंतर्गत तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. बाळंतपणाखेरीज स्त्रीच्या शरीराला आजार असतात, हेच जणू आरोग्यखात्याच्या हिशेबात नव्हते. अंगावरून पाणी जाणे, ओटीपोटाचे दुखणे, पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व, अंग बाहेर येणे, या गोष्टी पुरुष डॉक्टरपुढे उच्चारणे जिथे दुरापास्त, तिथे ऐकणारी स्त्री नसणे म्हणजे रोगाचे निदानच नसणे. त्यानंतर याच दांपत्याने 39 गावांतील निवडक स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीच्या हाती विद्या सोपविली तर ती ती जबाबदारीने वापरते, याचा एवढा सबळ पुरावा दुसरा नाही.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमली गेली. ती त्याच गावची, बहुधा सून म्हणून आलेली. ती गरोदर बाईचे नाव पहिल्या तीन महिन्यांत नोंदवते, रात्री गाडीला फोन करते, रुग्णालयात सोबत जाते, बाळंतीण घरी आल्यावर 42 दिवसांत सहा वेळा जाऊन बाळाचे वजन आणि अंगाची ऊब पाहते. या सहा भेटींचा मोबदला 250 रुपये ठरला. ग्रामीण भागातील गर्भवतीची प्रसूतिपूर्व सेवा आणि रुग्णालयातील प्रसूती पार पाडल्याबद्दल 300 आणि 300 मिळून 600 रुपये. ती सरकारी नोकर नाही, ती ‘स्वयंसेविका’ आहे, असे नियम सांगतो. परंतु सर्वेक्षण असो, कुष्ठरोग शोधमोहीम असो, करोनाची साथ असो, हुकूम मात्र तिला नोकराप्रमाणेच येतात. 2021 च्या जूनमध्ये महाराष्ट्रातील सुमारे 70,000 आशा संपावर गेल्या. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. 2024 च्या आरंभी त्याच आशा मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या, आणि त्यानंतर राज्य शासनाने मासिक मोबदल्यात 5,000 रुपयांच्या वाढीचा निर्णय काढला. वाढ स्वागतार्ह आहे. पण जिच्या श्रमावर सबंध मातृ-आरोग्याची इमारत उभी आहे तिला पगार, रजा आणि निवृत्तिवेतन नाकारून ‘मानधन’ देत राहणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय स्त्रीचे काम सेवाभावात मोडते या जुन्या समजुतीतून आलेला आहे.

गर्भपाताच्या सेवेत ही माणसांची उणीव कायद्याशीच टक्कर घेते. 1971 च्या कायद्याने आणि 2021 च्या दुरुस्तीने स्त्रीला जी मुभा दिली ती नोंदणीकृत व विशिष्ट प्रशिक्षण घेतलेल्या ॲलोपथी डॉक्टरच्या हातूनच अमलात येऊ शकते. महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांचा भार आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी निष्ठेने वाहतात, पण हे काम ते करू शकत नाहीत. मग अडलेली स्त्री दूरच्या खासगी दवाखान्यात किंवा चोरवाटेने जाते. संततिनियमनाचेही तसेच: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 49 टक्क्यांनी नसबंदी करून घेतली होती, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे भार स्त्रीच्या देहावर, आणि शस्त्रक्रिया करणारे सर्जन मोजके, म्हणून शिबिरे. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर तेरा स्त्रिया मृत्युमुखी पडल्या, ही घटना आपल्यापासून फार दूरची समजू नये.

यावर उपाय अन्य देशांनी शोधले आहेत, आणि ते काही श्रीमंत देश नव्हेत. श्रीलंकेने 1926 साली कलुतारा येथे पहिले आरोग्य केंद्र उभारून घरोघर जाणाऱ्या प्रशिक्षित प्रसाविकेला व्यवस्थेचा कणा बनविले. 1930 च्या दशकात लाख जन्मांमागे दोन हजारांवर असलेले तेथील मातामृत्यू या शतकात पन्नासाच्या खाली आले. मोझांबिकमध्ये डॉक्टर नसलेल्या शल्य-तंत्रज्ञांना 1984 पासून सिझेरियन शिकविण्यात आले. सात वर्षांनंतर त्यांतील 88 टक्के जिल्हा रुग्णालयांत टिकून होते, तर तेथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. जो त्या मातीतून येतो तो तेथे राहतो. आपल्याकडेही 2018 पासून परिचारिकांना 18 महिन्यांचे प्रगत प्रसूतिशिक्षण देण्याचे धोरण आहे. ते तालुक्यापर्यंत नेण्याची निकड आहे.

महाराष्ट्राने या कामी जे मिळविले ते थोडे नाही. 2001-03 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 149 असलेले मातामृत्यू 2018-20 मध्ये 33 वर आले, आणि ही घट मुख्यत्वे आशा, सिस्टर आणि रुग्णवाहिकेचे चालक यांच्या श्रमाची आहे. उरलेले मृत्यू मात्र इमारती बांधून टळणार नाहीत. म्हणून तळेगाव आणि त्यासारख्या गावांतील नागरिकांना माझी विनंती आहे की, ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत नव्या इमारतीची दरखास्त करण्यापूर्वी आपल्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाचा रात्रपाळीचा हजेरीपट मागावा. आज रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ कोण, भूल देणारा कोण, रक्ताचा साठा कोणाच्या ताब्यात, ही नावे विचारावीत, आणि नाव न मिळाल्यास ते पद भरले जाईपर्यंत दर महिन्याला पुन्हा विचारीत राहावे.